एका माणसाचं आवतण

१४ ऑक्टोबर, सोमवार

धाकट्या हिंमतचा फोन आला, सुरतेहून. गावाच्या वेशीवरचं गेट पुरं झालं म्हणाला. दहा नोव्हेंबरला उघडायचं. वर मोठ्या अक्षरांत नाव — मोंघीबा प्रवेशद्वार. मग जरा थांबून म्हणाला, "बापूजी, त्या दिवशी गाव धुमाडाबंध करावं असं मनात आहे."

मी फोन कानाला धरून आभाळाकडे पाहत राहिलो. त्याला वाटलं फोन तुटला. हॅलो हॅलो करत राहिला.

धुमाडाबंध! हा शब्द कानावर पडून किती वर्षं झाली. गावात एकाही घरी चूल पेटायची नाही. म्हातारे, तान्ही, पाहुणे, वाटेवरचा अनोळखी — सगळ्यांनी एका ठिकाणी जेवायचं. शेवटचं झालं तेव्हा मी एकवीस वर्षांचा. तळं काठोकाठ भरलं होतं, दरबारांनी, म्हणजे गावच्या जहागीरदारांनी, गावाला जेवण दिलं होतं. मी देवळाच्या धाब्यावर चढून पाहिलं. एवढी कौलं, आणि धुराची एक रेघ नाही. आभाळ पुसलेल्या पाटीसारखं. मोंघी तेव्हा माझी नवी नवरी. म्हणाली — आज हात दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटतात, काय करू त्यांचं?

ती जाऊन सहा वर्षं झाली. आता दगडावर नाव.

हिंमत म्हणाला, कार्डावर तुमची कविता छापू. चार ओळी. तुमच्या शाळेतल्यासारखी.

१६ ऑक्टोबर

दोन दिवस चार ओळींशी झटापट. दवे मास्तरांनी पाचवीत ढगाची कविता शिकवली होती — ढगा ढगा, तुझी पखाल कुणी शिवली. मुलगा ढगाला विचारतो, शेजारच्या शेतात जास्त का सांडलंस? ढगानं काय सांगितलं ते शेवटच्या कडव्यात होतं. नेमकं तेच आठवत नाही. जीवाला विचारलं. जीवा आमच्या गावचा न्हावी, माझ्याच वयाचा. म्हणाला, "त्या दिवशी मी शाळेत नव्हतो. चौथीनंतर मी कुठल्याच दिवशी शाळेत नव्हतो."

शेवटी दोनच ओळी झाल्या —

आज निजा गं चुलींनो, आज नका पेटू
एका पंगतीला सारे, या, उराउरी भेटू.

हिंमतला फोनवर म्हणून दाखवल्या. तो म्हणाला, पुरे. पुन्हा एकदा म्हणायला लावल्या.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सुरतेहून समारंभाचा मॅनेजर आला. कृणाल नाव. कोवळा आहे, दोन फोन बाळगतो. खाटेवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "दादा, माणसं किती धरायची? यादी द्या."

"धुमाडाबंधला यादी नसते, भाई. यादी केली की कुणीतरी राहतं."

जीवा शेजारीच होता. आवतण घरोघर पोचवण्याचा मान त्याच्या घराण्याचा. त्यानं आणि मी मिळून कृणालला समजावलं. आवतणाच्या तीन तऱ्हा. 'एक जण' — घरातल्या एकानं यायचं. 'सागमटे' — अख्ख्या घरानं यायचं, पाळण्यातल्यासकट. आणि धुमाडाबंध — त्यात घरं मोजायचीच नाहीत. यात चूक झाली तर धडगत नाही. माझ्या सासऱ्यांनी एकदा आपल्या सख्ख्या बहिणीकडे सागमटेऐवजी चुकून 'एक जण' सांगून पाठवलं. बहीण नऊ वर्षं बोलली नाही. आली ती थेट त्यांच्या तिरडीशी.

कृणालनं फोनमध्ये काहीतरी टिपलं. "म्हणजे सिंगल, फॅमिली आणि ओपन."

जीवा म्हणाला, "तीन पिढ्या आम्ही टाचा झिजवल्या आणि यानं चहा निवायच्या आत उरकलं."

ठरलं ते असं. गावाला धुमाडाबंध, जीवा सांगेल. नातलगांना आणि हिंमतच्या व्यापाऱ्यांना सागमटे, कार्ड पाठवून. कारखान्यातले कारागीर गावोगावचे, नऊशेच्या वर — त्यांना 'एक जण', कार्ड पाठवून, आणायला कारखान्याच्या बस. मांडवही तीन — पहिला पाहुण्यांचा, दुसरा गावाचा, तिसरा कारागिरांचा. मला ते तीन मांडव खटकले. कृणाल म्हणाला, "जेवण तिन्हीकडे सारखंच आहे, दादा." मग मी विषय सोडला. एवढ्या माणसांचा पसारा, करणारा जाणे.

२४ ऑक्टोबर

दुपारी पडल्या पडल्या जुनं सगळं येत राहिलं.

तालुक्याच्या एस.टी. स्टँडावर कंट्रोलरच्या खिडकीत मी तेहतीस वर्षं बसलो. सुरतेच्या गाडीचा तक्ता माझ्याच हातचा. अर्धा तालुका मी त्या गाडीत बसवला. पाऊस नाही, शेतात काही नाही, चला सुरतेला, हिरे घासा. थोरला ओधव सोळाचा झाला तसा त्यालाही बसवला. दोन वर्षांनी हिंमत. तो एकटा जायला घाबरत होता म्हणून ओधव मुद्दाम घ्यायला आला होता. एकवीस आणि बावीस नंबरच्या सीट. खिडकीची ओधवनं धाकट्याला दिली.

दोघंही एकाच घंटीवर बसले. हिरा घासायच्या त्या चाकाला तिकडे घंटी म्हणतात. चाक एक, भोवती चार माणसं, चौघांचं डोकं एका दिव्याखाली. ओधवचा हात हिंमतपेक्षा सरस होता, हे हिंमतच सांगायचा. "मोटाभाईनं पैलू पाडला की दगडाला जाग येते." पण हिंमतला बोलता यायचं. तो दलालांच्या मागे हिंडला, मग स्वतः दलाली, मग चार घंट्या, मग चाळीस, मग परदेशातून आणलेली यंत्रं. कारखाना दोन मजल्यांचा होता तो आता नऊ. ओधवचा हात जिथं होता तिथंच राहिला. घंटीवर. गेली अकरा वर्षं हिंमतच्याच कारखान्यात, चौथ्या मजल्यावर.

मी एकदा पाहायला गेलो होतो. लिफ्टनं वर नेलं मला. हिंमत चौथ्या मजल्यावर आला तशी सगळी घंटीवरची माणसं उठून उभी राहिली. ओधवही. म्हणाला, "शेठ, तो मोठा दगड झालाय, बघून घ्या." घरी हिंमत्या म्हणतो. मला हसू आलं होतं तेव्हा. का आलं, कोण जाणे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

वसनचा फोन. ओधवची बायको. सुरतेहून ती सहसा फोन करत नाही. दिवाळीला काय पाठवू, गुडघा कसा आहे, इकडचं तिकडचं. मग हसत हसतच म्हणाली, "बापूजी, कार्ड पोचलं आमचं. तुमची कविता फार गोड आहे हो. पण कार्डावर 'एक जण' लिहिलंय. आता आम्ही दोघांनी चिठ्ठ्या टाकायच्या का, कोणी यायचं?"

मला समजेना. तिला पुन्हा वाचायला लावलं. तिनं वाचलं. माझ्या दोन ओळी, खाली ओधवचं नाव, खाली — एक जण.

कारागिरांचं कार्ड. सख्ख्या थोरल्या भावाला.

मी म्हटलं, ओधवला दे. म्हणाली, बाहेर गेलेत. कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालतोय, मंदी आहे, घरात बसवत नाही त्यांना. आणि हळूच — "मी चिडले नाही हं, बापूजी. पण बांच्या नावाचं गेट आहे ना, म्हणून वाईट वाटलं."

मोंघीचे शेवटचे चार महिने याच पोरीनं काढले. इथं येऊन राहून. हगणंमुतणं सगळं.

२७ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. ओधवला तीनदा फोन. चौथ्यांदा उचलला. "जाऊ द्या ना बापूजी. बघू." येशील ना? "बघतो म्हटलं ना."

दुखावलंय पोर. आवाजावरून कळतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

हिंमतशी बोललो. आधी कुणीतरी बाई बोलली, मग दुसरा कुणी, मग तो. मी सरळ विचारलं. त्यानं आधी कुणालातरी खोलीबाहेर जायला सांगितलं. मग म्हणाला, "ऑफिसची चूक झाली असेल. कारागिरांच्या यादीत नाव गेलं. मी दुसरं कार्ड पाठवतो."

"भावाला कार्ड?"

"मग काय करू, बापूजी? घरोघर फिरू? नऊशे माणसं आहेत माझ्याकडे."

"त्या नऊशेतला एक तुझ्याआधी जन्मला. त्यानं तुला खिडकीची सीट दिली होती."

"पाठवतो कुणालातरी," म्हणाला. हाच तो मुलगा. एकटा सुरतेला जायला घाबरत होता.

३१ ऑक्टोबर, दिवाळी

हिंमत आला. मोठी पांढरी गाडी गल्लीत मावली नाही, पादरात, वेशीबाहेर उभी केली. सूनबाई, नातवंडं, सगळे. दिवे लावले. ओधवची वाट पाहिली. आला नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज धोको. दिवाळी काल संपली, नवं वर्ष उद्या. मधला हा रिकामा दिवस, कुठल्याच वर्षाचा नाही. बरोबर आजच बोलणं झालं.

हिंमतनं ड्रायव्हरला मिठाईचा डबा आणि सागमटे कार्ड देऊन ओधवकडे पाठवलं होतं म्हणे. वसननं डबा घेतला नाही. "ते घरी नाहीत, मी कशी घेऊ," म्हणाली.

मी म्हटलं, "तू स्वतः जा. जोडीनं जा, ये म्हण."

"बापूजी, तुम्हाला सगळं माहीत नाही."

"मला एवढंच माहीत आहे की एका घंटीवर दोघं बसलात, आणि एक नवव्या मजल्यावर गेला."

मग तो पहिल्यांदा चिडला. मोठ्यानं नाही. कधीच मोठ्यानं बोलत नाही. "मी मोटाभाईचं काही काढून घेतलं का? सांगा. चाळीत एका खोलीत राहायचे, आता दोन खोल्यांचं घर आहे. फ्रिज आहे. मुलगी कॉलेजात गेली. त्यांचंही वाढलंच ना? गावात सायकल नव्हती कुणाकडे. आता प्रत्येक दारात मोटरसायकल आहे. सगळ्यांचंच वाढलं, बापूजी. मग माझंच वाढलेलं तुमच्या डोळ्यांत का खुपतं?"

त्याच्या बोलण्यात खोटं एकही वाक्य नव्हतं. मी माझ्या खिडकीच्या भाषेत म्हटलं — "एक जलद गाडी, एक साधी. दोन्ही एकाच स्टँडावरून सुटतात. दोन्ही पुढेच जातात, मागे कुणी जात नाही. पण जलद गाडी बाजूनं निघून गेली की साध्या गाडीतल्या माणसाला वाटतं, आपली बंद पडली."

"मग मी काय करू, गाडी थांबवू?"

"थांबवू नकोस. उतरून ये, एवढंच म्हणतो."

तो उठला. दारात थांबला. वाटलं काहीतरी सांगणार. नाही सांगितलं.

मला भाषण येतं. कंट्रोलर होतो ना. तक्ता भरण्यापलीकडे कधी काही केलं नाही, हेही तितकंच खरं.

५ नोव्हेंबर

गाव सुरतवाल्यांनी भरलंय. एरवी या दिवसांत परतायची घाई असते. यंदा कुणी तारीख काढत नाही. कारखाने कधी उघडणार कुणाला ठाऊक. चौकातल्या ओट्यावर तरणी पोरं बसून राहतात. दोघं-तिघं पहाटे तोंडाला फडकं बांधून कापूस वेचायला जातात — दुसऱ्या गावाच्या शिवारात, इथं कुणी पाहू नये म्हणून.

मी गेट बघायला गेलो. सुंदर झालंय. दोन हत्ती, मध्ये कमान, मोंघीचं नाव. ओट्यावरचा एक म्हणाला, "कंट्रोलरदादा, एवढं उंच कशाला केलं हो? आम्ही तर वाकून जाणारी माणसं." बाकीचे हसले. दुसरा म्हणाला, "अरे, उंट जाईल की त्यातून." "उंट येईल कुठून, तोपण सुरतेला गेला."

मीही हसलो. मोंघी असती तर म्हणाली असती, माझं नाव एवढं वर कशाला, मला चक्कर येते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

जीवा आवतण फिरवून आला. डोक्याला नवं फडकं, हातात काठी. दोन दिवस दारोदार जाऊन ओरडला — रविवारी दुपारी मोंघीबाच्या नावानं धुमाडाबंध, कुणी चूल पेटवायची नाही, दारात आलेला पाहुणाही घेऊन या! म्हणाला, साठ वर्षांनी घसा उघडला.

मी त्याला पाणी दिलं. आणि माझं तेच सुरू — पूर्वी कसं होतं, एक गाव, एक पंगत, लहानमोठं कुणी नाही.

जीवा पाणी पिऊन शांतपणे म्हणाला, "तू जेवत होतास ना त्या पंगतीत?"

"हो."

"मी पत्रावळ्या उचलत होतो. माझा बाप वाढत होता. आम्ही शेवटी जेवलो, लाडू संपले होते. खालच्या वासातली, गावकुसाबाहेरची माणसं तळ्याच्या पाळीवर बसली होती, त्यांच्या टोपलीत वरून टाकलं. तू धाब्यावर चढून धूर बघत होतास, धाब्यावरून पाळ दिसत नाही का रे?"

त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. "अरे, चिडून नाही म्हणत. या खेपेला मी खुर्चीवर बसून खाणार आहे. तुझ्या हिंमतनं सांगितलंय, जीवाकाका पहिल्या मांडवात."

साठ वर्षं मी तो दिवस जपून ठेवला. माझा होता असं वाटत होतं. त्यात जीवा कुठं होता हे मी एकदाही पाहिलं नाही.

९ नोव्हेंबर

ओधवचा फोन बंद. वसनचाही लागत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

हात अजून काजळलेले आहेत. तसाच लिहितो.

सकाळपासून ढोल. आमदार येणार, सुरतेचे व्यापारी येणार. हिंमतनं मला रेशमी कुर्ता पाठवला होता, तो घातला. पहिल्या मांडवात नेऊन बसवलं. पांढरी गुबगुबीत खुर्ची, पुढे काचेचं टेबल. शेजारी घरच्या माणसांच्या खुर्च्या, पाठीवर नावं चिकटवलेली. माझी. हिंमतची. सूनबाईची. आणि दोन रिकाम्या — ओधवभाई, वसनबेन. बसल्या बसल्या मी त्या दोन खुर्च्यांकडे बघत होतो. माणसं येत होती, पाया पडत होती. एक गोरागोमटा व्यापारी आला आणि 'रिकामी आहे का' म्हणून त्या खुर्चीवर पिशवी ठेवून गेला.

समोर मोठ्या फलकावर माझ्या ओळी. एका पंगतीला सारे.

मी उठलो. कुणाला वाटलं लघवीला जातोय. सरळ घरी आलो.

स्वयंपाकघरात गॅस आहे. गॅसला धूर नसतो. म्हणून मागच्या अंगणात गेलो. मोंघीची चूल तिथं तशीच आहे, कोंबडीनं अंडी घातली होती त्यात. ती बाजूला काढली. पऱ्हाट्या ओल्या होत्या — बरंच झालं. काडी लावली. आधी नुसता वास, मग दाट पिवळट धूर, सरळ वर. वारा नव्हता. मी बाजरीचं पीठ कालवलं. रोटला थापायला बसलो तर हातात फुटला. आयुष्यात कधी थापला नव्हता. तसाच तव्यावर टाकला.

गावाला दिसायला वेळ लागला नाही. ढोल थांबले ते मला इथं कळलं.

मग कुंपणापाशी माणसं. आधी पोरं, मग बायका, मग सगळेच. जीवाही, हातात अर्धा लाडू. हिंमत गर्दीतून आत आला. मागे मॅनेजर, त्याला हातानंच थांबवलं.

"बापूजी, हे काय?"

"धुमाडाबंध म्हणजे एकही घर उपाशी नाही. माझ्या एका लेकाचं घर उपाशी आहे. हा त्याचा धूर."

"विझवा. लोक बघतायत."

"बघू देत. सख्ख्या भावाला 'एक जण' लिहिणारा कोण, तेही बघू देत."

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे धुरानं की कशानं भरलेले. मग त्यानं सगळ्या गावाकडे वळून हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चूक माझी झाली. मोटाभाईला मी नीट बोलावलं नाही."

पुढच्या बायकांनी पोरांना मागे ओढलं.

मग तो चुलीपुढे बसला. रेशमी कपड्यांनी, मातीत. तव्यावरचा करपलेला रोटला मोडून त्यातला एक घास खाल्ला. आत कच्चा होता, राखही होती. गिळला. उठला, गेला.

नंतर मी पाणी ओतलं. चर्र झालं आणि मग काहीच नाही.

मी जिंकलो असं वाटायला हवं होतं. आता पानावर लिहितानाही तसं वाटत नाही. तरी मनात म्हणतो — कुणीतरी ओधवच्या बाजूनं उभं राहायला हवं होतं. त्याच्या बाजूनं आजवर कुणी उठलंच नाही. मीही नाही.

११ नोव्हेंबर

हिंमत पहाटेच गेला. पाया न पडता. जन्मात पहिल्यांदा.

१३ नोव्हेंबर, बुधवार

चौकातून गेलो. बोलणं थांबलं. ओट्यावरची पोरं फोनमध्ये बघू लागली.

जीवा आला, दाढी करून दिली. वस्तरा गळ्याशी असताना म्हणाला, "आमदार जेवला नाही. व्यापारी अर्ध्या ताटावरून उठले. खालच्या वासातली माणसं मात्र पोटभर जेवली, दुसऱ्या मांडवात, खुर्चीवर. ते तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो."

"तू माझ्यावर रागावलास?"

"लाडू खाली ठेवावा लागला मला. साठ वर्षांनी हातात आलेला." मग हसला. पण मनापासून नाही.

मी म्हटलं, ओधवसाठी केलं रे. तो म्हणाला, "ओधवनं सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं.

दुपारी हिंमतला फोन लावला. पुरती रिंग गेली. काय बोलायचं ठरवलं नव्हतं, बरं झालं उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा लावावासा वाटला. नाही लावला. आपण बाप आहोत, असं काहीतरी मनात आलं.

१५ नोव्हेंबर, देवदिवाळी

ओधवचा फोन आला. त्यानं आपणहून केलेला, कित्येक महिन्यांनी. शब्द विसरायच्या आत लिहून ठेवतो.

"बापूजी, मी आलो होतो. कारखान्याच्या बसनं. तिसऱ्या मांडवात जेवलो, माझ्या घंटीवरच्या तिघांबरोबर. ते कार्ड ऑफिसात जाऊन मीच मागून घेतलं होतं. हिंमत नको म्हणत होता. हट्ट करून घेतलं, आणि बापूजींना सांगायचं नाही अशी शपथ घातली त्याला. वसनलाही सांगितलं नव्हतं. तुमच्यात बसलो की मला घास उतरत नाही. तिथं पोटभर जेवता येतं."

मी विचारलं, धूर दिसला होता का रे?

"दिसला ना. पंगतीतल्या एकानं विचारलंसुद्धा, कुणाचं घर ते? मी म्हटलं, माहीत नाही."